दादा शनिवारी यायचा बंद झाला

‘कॉलेजची मुलं शाळेत येतात, पोरांना लळा लावतात आणि निघून जातात. मागं आम्ही निस्तरत बसायचं. त्यापेक्षा हे बंदच केलेलं बरं नाही का?’ बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही पालकसभेला गेले की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. उत्तरादाखल माझ्या समुपदेशनातला एक अनुभव सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा सातवीतला, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत. वडील गोव्यात हॉटेलात कामाला, गणपतीला आणि शिमग्याला तेवढे घरी. शाळा सुरू झाल्यापासून दर शनिवारी बेळगावहून पदवीची मुलं शाळेत शिकवायला येत. एकेकाकडे चार-पाच पोरं. ह्याच्या वाट्याला आलेला दादा चिकोडीकडचा, दोन्ही भाषा सारख्याच सफाईनं बोलणारा. मराठी शाळेतल्या पोरांना कन्नडची किती धास्ती असते हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. दादानं पुस्तक बाजूला ठेवलं आणि बसच्या कन्नड पाट्यांपासून सुरुवात केली. जांबोटी, नंदगड, लोंढा, रोज डोळ्यांसमोरून जाणारी नावं. दसऱ्याच्या आत पोरगा लांबूनच पाटी वाचून गाडी ओळखायला लागला. आजीला बाजाराच्या गाडीत बसवून द्यायचं काम त्याच्याकडे आलं आणि घरात त्याचा भाव वधारला.

दसऱ्याची सुट्टी संपली, पण कॉलेजची मुलं परत आली नाहीत. त्यांच्या सेमिस्टरच्या परीक्षा लागल्या होत्या, हे शाळेत कुणी सांगितलं नाही. जाताना दादा म्हणाला होता, ‘दसरा झाला की तुम्हा सगळ्यांना बेळगावचा किल्ला दाखवतो, त्यातलं कमलबस्तीचं जैन मंदिर दाखवतो.’

आई त्याला माझ्याकडे घेऊन आली ती घाबरूनच. ‘मॅडम, नीट जेवत नाही की. शनिवार आला की शाळेला नको म्हणतो. माझ्या फोनवरनं त्या दादाला सारखा फोन लावतो, तो उचलत नाही.’ मग पोराला बाहेर बसवून हळूच म्हणाली, ‘त्यानं कायतरी वंगाळ केलं नसंल ना हो?’

ही शंका मी कधीच उडवून लावत नाही. तेच आधी तपासलं. मुलाला एकट्याला, साध्या शब्दांत विचारलं: कुणी नको तिथं हात लावला का, मोबाईलवर काही दाखवलं का, ‘घरी सांगू नको’ असं काही होतं का, एकट्यालाच कुठं बोलावलं का. संशय जरी आला तरी ते गुपचूप मिटवायचं नसतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे, आणि 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो. इथं तसलं काही नव्हतं.

मग त्यानं दप्तरातून एक वही काढली. शेवटच्या शनिवारी दादानं कन्नडची दोन पानं लिहून आणायला सांगितली होती, आणि ह्यानं लिहिली नव्हती. नंतर दोनाची वीस पानं झाली, बाराखड्या, गावांची नावं, स्वतःचं नाव ओळीनं. ‘मी अभ्यास केलो नाही म्हणून येत नाही काय तो?’

मोठ्यांनी कारण सांगितलं नाही की मुलं ते स्वतःच्या माथी मारून घेतात. ह्या पोराला आजार नव्हता, तो वाट बघत होता, आणि वाट बघणाऱ्याला कुणी ‘नको बघू’ म्हणालं नव्हतं. खाणं, झोप, खेळणं दोनेक आठवड्यांच्या वर बिघडलेलंच राहिलं किंवा जिवाचं बरंवाईट बोलायला लागला तर गोष्ट वेगळी. तेव्हा लगेच दाखवावं. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे.

अशी दादा-ताईची सोबत मुलांना किती काळ मिळाली आणि त्याचं काय झालं, यावर अमेरिकेत ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या दोघी संशोधकांचा 2002 चा एक गाजलेला अभ्यास आहे. वर्षभर टिकलेल्या सोबतीचा मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. जी थोड्याच काळात तुटली, तिथं काही मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट कमी झाला. म्हणून पालकांची भीती खुळी नाही. पण ‘बंद करा’ हे मला पटत नाही. पोरगं बसच्या पाट्या वाचायला लागलं ते ह्याच लळ्यामुळे.

कॉलेजच्या समन्वयक प्राध्यापकांना फोन केला. माणूस भला, पण ‘अहवाल दिलाय की’ म्हणाले. बॅनर, फोटो, अहवाल सगळं वेळेवर होतं. निरोप तेवढा राहून जातो. त्यांनी दादाला गाठलं. बिचाऱ्याला वाटत होतं, येता येत नाही तर काय तोंडानं फोन उचलायचा? त्याला सांगितलं, सारवासारव नको, ‘पुढच्या शनिवारी बघू’ तर मुळीच नको. परीक्षा होती, आता दर आठवड्याला जमणार नाही, यात तुझी चूक नाही, एवढं बोल. पोरगा फोनवर आधी गप्पच. मग एकदम चिडून, ‘आणि किल्ला?’

किल्ला जानेवारीत झाला, शाळेच्या गुरुजींसोबत, सगळ्या पोरांसकट. वही तिथंच तपासली गेली. दादानं तीन चुका काढल्या, तेव्हा कुठं गडी खूश झाला.

पुढच्या वर्षी नवी मुलं येणार म्हटल्यावर आईनं विचारलं, पाठवू की नको? म्हटलं, वहिनी, पाठवा. फक्त शेवटचा शनिवार कुठला ते पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून घ्यायला सांगा गुरुजींना. फोन करायचा तर तो शाळेमार्फत.

आणि एक विचारलं, गोव्याला परत जाताना त्याचे वडील कसे जातात? ‘पहाटेच्या गाडीनं. तो निजलेला असतो तेव्हाच. उठवलं की रडतो.’ रडू दे, म्हटलं, पण उठवा. आल्या दिवशीच जायची तारीख सांगा आणि गाडीपर्यंत त्यालाच पोचवायला न्या. पाटी आता त्याला वाचता येते.