आधी पाण्याची वाट शोध, मग माणसाला धर

नागपूर, रविवार रात्र

प्रिय बेटा,

परवा फोनवर तुझा आवाज चढलेला होता, आणि तो चढणारच. नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांतली बचत तू आईच्या डोक्यावरच्या स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगवर लावलीस. आर्द्रा लागून पंधरा दिवस होत नाहीत तोच देवघराच्या कोपऱ्यात ओल उतरली. ठेकेदार आईला सांगून गेला, "काकू, नवीन कामात थोडी ओल राहतेच, दोन पाऊस जाऊ द्या, आपोआप बसते." हे वाक्य मी बांधकामाच्या साइटवर तीस वर्षं ऐकलं आहे. गळती आपोआप बसत नाही. पाण्याला एकदा वाट सापडली की ते ती रुंद करत जातं.

आज दुपारी मी तुमच्या मानेवाड्याच्या घरी जाऊन आले. हॉलमधल्या पंख्याच्या बॉक्समधूनही पाणी टपकून राहिलं आहे. तू हे बोलला नाहीस, म्हणजे आईने तुला कळवलंच नसावं. त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, मी पाडून आले आणि तो वर करू नका असं तिला बजावलं. रात्री फोन करून तूही सांग. बाकी सगळं थांबू शकतं, हे नाही. स्लॅबमध्ये पुरलेल्या वायरिंगच्या पाइपातून पाणी वाहत येतं आणि पंख्यापाशी बाहेर पडतं. ते वर शिरलेलं असतं दहा-बारा फूट लांब, म्हणून डाग दिसतो तिथेच वर भोक असेल असं धरून चालू नकोस.

आता कळकळीची गोष्ट. ठेकेदाराशी उद्या भांडू नकोस, आणि रागाच्या भरात दुसरा मिस्त्रीही बोलावू नकोस. मी हेच केलं होतं. त्रिमूर्तीनगरचं आमचं घर नवं होतं, छत गळालं, ठेकेदार फोन उचलेना. मी आठवड्याभरात दुसरा माणूस आणून अख्खा कोबा फोडून घेतला. नंतर पैसे परत मागितले तर पहिला म्हणाला, "दाखवा, कुठे गळत होतं?" दाखवायला काहीच उरलं नव्हतं. पुरावा मीच पैसे मोजून मलब्यात टाकला होता. ते पैसे गेले ते गेलेच, आणि अजून आठवलं की जिवाला लागतं.

गच्चीवर जे पाहिलं ते लिहिते. पॅरापेट (गच्चीची कठड्याची भिंत) आणि स्लॅब मिळतात तिथे सिमेंटची गोलाई दिलेलीच नाही. सरळ काटकोन आहे, वरून नुसतं कोटिंग मारलं आहे, आणि त्या सांध्यात केसाएवढी चीर पूर्वेपासून जिन्यापर्यंत गेली आहे. ही चीर का पडते ते नागपूरकराला सांगावं लागू नये. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांपलीकडे जातो, उघडा स्लॅब त्याहून कितीतरी जास्त तापतो, आणि मग एका सरीत एकदम थंड होतो. १० मीटर लांबीचं काँक्रीट ४० अंशांच्या फरकाला सुमारे ४ मिलिमीटर कमीजास्त होतं. भिंत आणि स्लॅब सारखे हलत नाहीत, म्हणून सगळा ताण त्या सांध्यावर येतो. तिथे गोलाई हवी, जाळी हवी, ताणलं जाईल असं कोटिंग हवं. नुसतं सिमेंट तिथे पहिल्या उन्हाळ्यातही टिकत नाही.

दुसरं, ढाळ. दर १० फुटांना साधारण सव्वा इंच उतार असायला हवा. आपल्याकडे पावसाचं पाणी उतरणाऱ्या पाइपाचं तोंडच गच्चीपेक्षा वर राहिलं आहे, त्यामुळे भोवती अंगठाभर पाणी उभं होतं. तिसरं, आईने सांगितलं की काम मे महिन्यात भर दुपारी झालं आणि सिमेंटवर पाणी मारायला कुणी आलंच नाही. मेमध्ये घाईने वाळलेलं सिमेंट भुसभुशीत होतं, आणि तापलेल्या स्लॅबवर मारलेल्या कोटिंगला फोड येतात. ते फोड मी बोटाने दाबून पाहिले.

ठेकेदार दोन सबबी सांगेल. एक, सोलरच्या स्टँडचे बोल्ट. ते कामाच्या आधीपासून आहेत, तुझ्या फोनमध्ये जुने फोटो असतील, शोध. दोन, "यंदा पाऊसच जास्त." २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी लोकांच्या घरात शिरलं, त्या पहाटे आमचं दुरुस्त केलेलं छत कोरडं होतं. छत पावसासाठीच असतं, त्यामुळे ही सबब ऐकूनच घेऊ नकोस.

शनिवारी तू पुण्याहून येशील तेव्हा पाणी भरून पाहू. त्याआधी दोन दिवस उघडीप मिळाली तर टाकीचा वॉल्व्ह आधी चालू आणि मग बंद ठेवून बघू. ऊन असतानाही वॉल्व्ह चालू असताना ओल वाढली आणि बंद केल्यावर थांबली, तर दोष टाकीच्या पाइपलाइनचा असू शकतो, आणि मग ठेकेदारावर बोट ठेवणं अन्याय होईल. ती निर्दोष निघाली की गच्चीवरच्या पाइपाचं तोंड बुजवायचं, ५ सेंटिमीटर पाणी भरायचं आणि ४८ तास ठेवायचं. खाली प्रत्येक डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढून तारीख-वेळ लिहायची. लक्षात घे, ९०० चौरस फुटांवर एवढं पाणी म्हणजे चार टनांच्या वर वजन. आपला स्लॅब मी खालून ठोकून पाहिला, सळई कुठे उघडी नाही, म्हणून हे करू. जुन्या, सळई दिसणाऱ्या स्लॅबवर मी कुणालाही असं करू देणार नाही. ठेकेदारालाही त्या दिवशी बोलव, लेखी. आला तर त्याच्या डोळ्यांदेखत होईल, नाही आला तर न आल्याची नोंद होईल.

मग पत्र. फोनवरचं बोलणं हवेत जातं. साध्या शब्दांत लिही: "आपण मे महिन्यात आमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं, रक्कम अमुक, कोटेशनमध्ये ५ वर्षांची गॅरंटी लिहिली आहे. पुढील ठिकाणी गळती आहे, फोटो जोडले आहेत. १५ दिवसांत येऊन दोष दूर करण्याची पद्धत लेखी कळवावी." चोर, लबाड असले शब्द नकोत. तेच कागद पुढे दुसरा माणूस वाचणार असतो. स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठव, व्हॉट्सॲपवरही टाक. पैसे तुझ्या खात्यातून गेले ते बरं झालं, स्टेटमेंट काढून ठेव. केमिकलचे रिकामे ड्रम जिन्याखाली पडले आहेत, ते विकू नका. एका लिटरमध्ये किती चौरस फूट आणि किती हात (थर) हे त्यावर छापलेलं असतं. गुणाकार केलास की माल खरंच पुरेसा लागला का ते कळेल. माझ्या अंदाजाने दोन हातांच्या जागी एकच बसला आहे.

आणि आईला सांग, काहीही सही करायची नाही. "दुरुस्ती झाली, समाधान आहे" असा कागद ही माणसं चहाच्या कपासोबत पुढे करतात.

तो दुरुस्तीला तयार झाला तर संधी दे, एकदा, मनापासून. पण सांध्यावर डांबर ओतून जाणं म्हणजे दुरुस्ती नाही. चीर खोलून, गोलाई देऊन, पाइपाचं तोंड खाली घेऊन, पुन्हा पाणी भरून दाखवायचं. आणि हे भर पावसात नाही. दसऱ्यानंतर स्लॅब सुकल्यावर, सकाळच्या उन्हात. तोवर ताडपत्री घाला, कडेने विटा ठेवा आणि पाइपाचं तोंड रोज साफ करा.

पंधरा दिवसांत काहीच हाललं नाही, तर आधी ग्राहक हेल्पलाइन १९१५ला तक्रार नोंदव, आणि एखाद्या स्वतंत्र सिव्हिल इंजिनिअरकडून पाहणीचा लेखी अहवाल घे. त्याची फी डोळ्यांवर येईल, तरी दे. नंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणीची सेवा स्पष्टपणे येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही करता येते. तू राहतोस तिथे, म्हणजे पुण्यातही दाखल करता येईल, पण घर इथे, इंजिनिअर इथे, मी इथे, नागपूरलाच कर. मुदत २ वर्षांची आहे, ती "बघू, करू" म्हणण्यात घालवू नकोस. कुणी महारेराचं, म्हणजे बिल्डरांवरच्या सरकारी यंत्रणेचं, नाव सुचवेल. तिथली ५ वर्षांची जबाबदारी बिल्डरने विकलेल्या घराची आहे. हे घर तुझ्या बाबांनी स्वतः बांधलेलं, दुरुस्तीचा ठेकेदार तिथे बसत नाही.

एक विनंती. काम करणारा मिस्त्री चौकात भेटला तर त्याच्यावर ओरडू नकोस. त्याला जेवढा माल दिला तेवढा त्याने लावला. मी विचारलं तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, गोलाईचं मी बोललो होतो, ठेकेदार नको म्हणाले." हे तो लेखी देईल असं वाटत नाही, आणि त्याची रोजी जाईल असं काही आपण मागायचंही नाही. पण दसऱ्यानंतर काम कुणाकडून करून घ्यायचं हा प्रश्न आला, तर त्याचा हात चांगला आहे हे मी पाहिलं आहे.

शनिवारी सकाळी सातला मी येते. ढाळ मोजायची लेव्हल ट्यूब आणि मोजपट्टी माझ्याकडे आहे. तू पाइप बुजवायला दोन गोणपाटं, एक पेन्सिल आणि कोटेशनची मूळ प्रत घेऊन ये. झेरॉक्स नको, मूळ.

तुझी मावशी