पुण्यात गाडी नाही, पावसाळ्यात आईला घेऊन एका दिवसात कुठे कुठे जाऊन येता येईल?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात नवीन आहात, गाडी नाही, आई महिनाभरासाठी आलीये आणि घरात बसून कंटाळलीये. मी इतकी वर्षं इथे गाडीशिवायच फिरतोय त्यामुळे सांगतो. ठिकाण शेवटी ठरवायचं, आधी परतीची गाडी बघायची. सगळे उलटं करतात, रीलमध्ये धबधबा बघतात, निघतात, आणि संध्याकाळी पाच वाजता चिंब भिजून रस्त्यावर कोण लिफ्ट देतंय का बघत उभे. ताम्हिणी, मुळशी वगैरे म्हणूनच माझ्या यादीत नाहीत, सुंदर आहे सगळं पण गाडी नसेल तर परत यायचे वांधे.

माझी पहिली पसंती मळवली. पुणे-लोणावळा लोकल, लोणावळ्याच्या आधीचं स्टेशन, सव्वा तासाच्या आसपास लागतो आणि तिकीट अगदी किरकोळ, जातानाच रिटर्न काढून टाका. मोबाईलवर काढणार असाल तर घरूनच काढा, प्लॅटफॉर्मवर पोचल्यावर ऍपमधून पेपरलेस तिकीट निघत नाही. लोकल सकाळी बऱ्यापैकी असतात पण दुपारी मोठी गॅप पडते, टाइमटेबलही बदलत असतं, म्हणून आदल्या रात्री परतीच्या दोन लोकल बघून कागदावर लिहून ठेवायच्या. हो कागदावरच, कारण पावसात ओल्या बोटांनी फोनची स्क्रीन चालत नाही.

स्टेशनवरून एक्सप्रेसवेच्या पुलावरून पलीकडे गेलं की अर्ध्या-पाऊण तासात भाजे गाव, आणि वर पायऱ्या चढून लेणी. पावसाळ्यात मी किल्ल्यापेक्षा लेणीच सांगतो, कारण डोक्यावर छप्पर असतं. आणि गंमत बघा, बौद्ध भिक्खू एरवी फिरतीवर असायचे पण पावसाळ्याचे महिने एका जागी राहायचे, त्याला वर्षावास म्हणतात, म्हणजे पावसात मुक्काम करायलाच असले विहार होते, आपण फक्त डबा घेऊन दोन हजार वर्षं उशिरा पोचतो. भाज्याच्या चैत्यगृहात, म्हणजे प्रार्थनेच्या मोठ्या लेण्यात, खांब नीट बघा, आत कललेले आहेत. लाकडी बांधकामात खांब असे तिरके लावायचे तेच त्यांनी दगडात कोरलं, आणि वर छताला खऱ्या लाकडाच्या कमानी आहेत. आत उभं राहून बाहेर पाऊस बघायचा, अर्धा तास कुठे जातो कळत नाही. आईंना पायऱ्या झेपत असतील तर हे नक्की करा, घाई न करता वीसेक मिनिटं धरा. तिथून पुढे लोहगड आहे, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक, पण स्टेशनवरून चालत तो लांब पडतो आणि धुक्यात वर काही दिसत नाही. आई बरोबर असताना नको.

माझा घोळ पण सांगतो. पहिल्याच पावसाळ्यात भाज्याकडून शेजारच्या विसापूर किल्ल्यावर चढलो, उतरताना धुक्यात वाट चुकलो आणि त्यात बुटाचा सोल निघून लटकायला लागला. भाजे गावात एका मावशींनी भज्यांच्या पुड्या बांधायची सुतळी काढून दिली, ती बुटाला गुंडाळून स्टेशन गाठलं तर लोकल नुकतीच गेलेली. मग ओल्या बाकावर दोन तास. तेव्हापासून जुने बूट पावसात घालत नाही, आणि कोरडे कपडे दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, एकात एक, गाठ मारून ठेवतो. सॅकच्या रेनकव्हरवर विश्वास ठेवू नका, पाठीकडून पाणी जातंच.

आईंना चढायला नको असेल तर वाई. स्वारगेटवरून एसटी, महाबळेश्वरच्या गाड्याही वाईवरून जातात, अडीच तासाच्या आसपास लागतात, आणि एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणजे तुम्ही दोघी असाल तर मजाच. ढोल्या गणपतीचं देऊळ अगदी कृष्णेच्या काठावर आहे, मागच्या बाजूने जाऊन भिंत बघा, माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी तिच्यावर आपटून दोन्हीकडे फाकावं म्हणून. उन्हाळ्यात ते नुसतं ऐकायला बरं वाटतं, नदी भरलेली असताना समोर दिसतं. रिक्षाने मेणवलीला जा, नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. पाणी चढलेलं असेल तर घाटाच्या पायऱ्यांवर उतरू नका, शेवाळ भयंकर असतं. फक्त रविवार टाळा, संध्याकाळी महाबळेश्वरहून येणाऱ्या गाड्या भरून येतात.

सिंहगडाला पायथ्यापर्यंत पीएमपीची बस आहे, वर शेअर जीप. पिठलं-भाकरी आणि मडक्यातल्या दह्यासाठी जा, तेही मधल्या वारी. लोणावळ्याच्या भुशी डॅमचं मात्र विचारूच नका. २०२४ च्या ३० जूनला तिथल्या मागच्या धबधब्यात एकाच घरातले पाच जण वाहून गेले. डोंगरावर वर पाऊस वाढला की खाली पाणी एकदम चढतं, खाली उभ्या माणसाला अंदाजच येत नाही.

आणखी एक, हवामान खात्याचा अंदाज बघताना ‘पुणे’ बघून निघू नका, ‘पुणे घाटमाथा’ वेगळा दिलेला असतो तो बघा. शहरात नुसता यलो अलर्ट असतो आणि लोणावळ्याकडे रेड. रेड असेल तर सरळ घरी भजी तळा. बऱ्याचदा कलेक्टर धबधब्यांवर बंदीचा आदेशही काढतात, तेव्हा वाटेतून पोलिस परत पाठवतात.

तुम्ही राहता कुठे ते लिहिलं नाहीत. कोथरूडकडे असाल तर वनाझची मेट्रो थेट पुणे स्टेशनला सोडते, तिथूनच लोकल पकडा म्हणजे बसायला जागा मिळते. जाताना डाव्या हाताची खिडकी घेऊ नका, वारा तिकडूनच येतो, चिंचवड यायच्या आत शटर ओढून अंधारात बसावं लागतं.