खात्यात १८ लाख दिसतात, त्यातले तुमचे किती?

लातूरहून एका ताईंनी विचारलंय. औसा रोडला त्यांची घरांच्या इंटिरिअरची छोटी फर्म आहे, तीन माणसं पगारावर. मॉड्युलर किचन, वॉर्डरोब पुण्याहून करून आणतात. एखादं शटर, म्हणजे कपाटाचं दार, चुकीच्या मापाचं आलं की आठवडाभर साइट अडते. म्हणून एमआयडीसीत शेड भाड्याने घेऊन पॅनल सॉ (प्लायवूड कापायचं मशीन) आणि एज बँडर (कापलेल्या कडांना पट्टी चिकटवणारं मशीन) बसवायचा विचार आहे. कर्ज २५ लाख, तारण सासूबाईंचा प्लॉट. ‘चालू खात्यात १८ लाख आहेत, हप्ता जड जाणार नाही.’

ताई, त्या १८ लाखांपासूनच सुरुवात करू. तुम्हीच पाठवलेल्या तक्त्यात १४ लाख तीन गिऱ्हाइकांनी प्लायवूड-हार्डवेअरसाठी दिलेला ॲडव्हान्स आहे. तो माल अजून यायचाय. शिवाय घराला पक्कं बसणारं काम साहित्यासकट घेतलं की जीएसटीत ती सेवा धरतात, त्यामुळे ॲडव्हान्सवरही कर लागतो. तुमचे स्वतःचे उरतात ४ लाख, म्हणजे चारेक महिन्यांचे पगार आणि भाडं.

आता हप्ता. ११ टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी महिना सुमारे ५४,३५० रुपये, वर्षाचे साडेसहा लाख. शेडभाडं, ऑपरेटर, वीज मिळून तुम्ही महिना ४५ हजार धरलेत, त्याचे ५ लाख ४० हजार. झाले जवळपास १२ लाख. आज मॉड्युलरवर वर्षाला ३० लाख जातात. त्यात २० टक्के वाचतील हा तुमचा अंदाज जसाच्या तसा धरला, तरी हाती येतात ६ लाख. मेळ बसायला तेच काम ६० लाखांवर जायला हवं. मशीन विकणारा हे सांगणार नाही.

काम दुप्पट होईलही. पण तुमची निम्मी गिऱ्हाइकं आडतवाले आणि बागायतदार आहेत. सोयाबीनचा भाव पडला की त्यांचं किचन पुढच्या दिवाळीवर जातं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तसल्या वर्षी फॉल्स सीलिंग कोण करून घेतो? हप्ता मात्र दर महिन्याला जाणारच.

म्हणून यंदा मशीन नको. शटरची अडचण खरी आहे, तिच्यासाठी वर्षभर एक वही ठेवा: कुठलं माप चुकलं, कोणाचं चुकलं, किती दिवस गेले, किती पैसे गेले. निम्म्या चुका तुमच्याच साइटवरच्या मापात निघाल्या, तर स्वतःचं मशीनही तेच चुकीचं शटर कापून देईल. कटिंग आणि एज बँडिंग जॉबवर्कने करून देणारा दुसरा माणूसही शोधून ठेवा.

खरी गळती मला दुसरीकडेच दिसते. ड्रॉइंगचे वेगळे पैसे तुम्ही घेतच नाही, आणि वास्तुशांती उरकली की शेवटचे १० टक्के अडकतात. लोक कुरकुरतील, ‘नुसत्या नकाशाचे कसले पैसे?’ म्हणतील. तरी डिझाइन फी आधी घ्या, हवं तर काम मिळाल्यावर बिलात वळती करा. शटर चढवण्यापूर्वी ९५ टक्के जमा झालेच पाहिजेत, हे कोटेशनवरच लिहा. ॲडव्हान्ससाठी वेगळं खातं उघडा.

वर्षानंतर वहीनेच मशीन मागितलं, तर बँकेत आधी सीजीटीएमएसई, म्हणजे लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा सरकारी ट्रस्ट, त्याच्या हमीवर विनातारण कर्ज मागा. तोवर प्लॉटची कागदपत्रं सासूबाईंच्या कपाटातच राहू द्या.