पदक : हुद्दा की पाऊल?

एका वाचकाने विचारले आहे की, लष्करात असलेल्या आपल्या आजोबांना 1972 साली स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनानिमित्त जे मिळाले, त्याला ‘सन्मानचिन्ह’ म्हणावे की ‘पदक’? पदकच म्हणावे. सन्मानचिन्ह हा शब्द आमच्या कोल्हापुरात तालीम मंडळांच्या सत्कारात शाल-श्रीफळाबरोबर हाती येणाऱ्या काचेच्या ठोकळ्याला चिकटला आहे, तो तिथेच असू द्यावा. शिवाय ‘आजोबांनी पदक पटकावले’ असे मुळीच लिहू नये. ते शर्यतीचे नव्हते, शौर्याचेही नव्हते, त्या दिवशी सेवेत असलेल्या सर्व सैनिकांना ते दिले गेले होते.

खरी मौज ‘पदक’ या शब्दातच आहे. संस्कृत कोशांत पदक म्हणजे निष्क, गळ्यातला दागिना. ऋग्वेदातल्या रुद्राच्या अंगावर तो आहे, आणि पुढे निष्क हेच नाव सोन्याच्या नाण्यालाही मिळाले. आमच्या गुजरीतला, म्हणजे सराफ बाजारातला, सोनार हाराच्या मधोमध लोंबणाऱ्या चपट्या, नक्षीदार तुकड्याला आजही पदकच म्हणतो. काही पंडित ‘पद म्हणजे अधिकार, म्हणून पदक ही अधिकाराची खूण’ अशी फोड करून मोकळे होतात. मग हारात पदक मिरवणाऱ्या बाईचा हुद्दा कोणता, हेही त्यांनी सांगून टाकावे. माझ्या मते इथले पद म्हणजे पाऊल, पावलाचा उमटलेला ठसा; दत्ताच्या पादुका कोरलेले पदक गळ्यात घालणाऱ्याला हे वेगळे पटवावे लागत नाही.

आता 1947 चे भारतीय स्वातंत्र्य पदक पाहा. त्याच्या एका अंगाला सारनाथचे सिंह आणि 15 ऑगस्ट 1947 ही तारीख आहे, तर दुसऱ्या अंगाला अशोकचक्र. आणि प्राचीन शिल्पांत बुद्धाच्या पावलांच्या तळव्यांवर चक्रच कोरलेले असते! कोशकारांना हा योगायोग वाटेल, वाटो बापडा. चक्राच्या माथ्यावर मुकुट आणि कडेने सहाव्या जॉर्जचे नाव आहे, कारण 26 जानेवारी 1950 पर्यंत कायद्याने राजा तोच होता. फीत मात्र केशरी, पांढरी आणि हिरवी.

आजोबांच्या पदकाला ‘स्मृतिपदक’ म्हटले तरी चालेल, फक्त चौकटीत बसवताना खाली ‘स्वातंत्र्याच्या स्मृतिप्रीत्यर्थ’ असे लिहू नये. स्मृतिप्रीत्यर्थ आपण गेलेल्या माणसाच्या नावे बाके आणि पाणपोया देतो.