कारखान्याची कागदपत्रं नसताना जुनी फियाट अस्सल आहे हे कसं ओळखायचं?

1966 ची फियाट 1100 डिलाइट घेताय आणि ती भारतात बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला कारखान्यातली नोंद मिळत नाहीये, तर गाडीलाच बोलतं करा. सुरुवात चेसिस नंबरापासून. आरटीओत करतात तसा कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या आणि आरसी बुकाशी ताडून बघा. आकडे वाकडेतिकडे असतील, आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याच्या खुणा किंवा नवं वेल्डिंग दिसलं, तर तिथूनच माघारी फिरा. इंजिन नंबर जुळला नाही तर लगेच घाबरू नका. या गाड्यांची इंजिनं सर्रास बदलली जायची. फक्त त्या बदलाची नोंद आरसीवर हवी.

गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर हवा. खाली, फ्लोअरवर असेल तर ते नंतरचं काम. ‘एमएच 01’ अशा धर्तीचा, एमएचनंतर लगेच आकडे असलेला नंबर असेल तर गाडी पुन्हा नोंदवलेली आहे, कारण ती मालिका 1989 ची. मग आधीचा नंबर विचारा आणि मालकांची साखळी लावा.

टपाचा रंग दरवाजाच्या रबराखाली थोडा खरवडून बघा. मुंबईची गाडी असेल आणि आत पिवळा निघाला, तर बहुधा टॅक्सी होती! वाईट नाही, पण किंमत त्या हिशेबाने द्या.