मृत ठरवलेली वारसदार मालिकेत परत येते, तिचा सूड पटेल असा कसा लिहायचा?
सूडाची धार कागदपत्रांत ठेवा. काकाने तिला मयत दाखवून निफाडची द्राक्षबाग लाटली, तर त्याने तलाठ्याकडे मृत्यूचा खोटा दाखला देऊन वारस फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीत वारसाच्या नावाचा बदल, करून घेतला असणार. तिने आधी त्या फेरफाराची प्रमाणित नक्कल काढावी, मग प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील करावं. मुदत ६० दिवसांची, म्हणून विलंबमाफीचा अर्ज सोबत हवाच.

बहुतेक कथा इथेच घसरतात. फेरफार रद्द झाला की मालकी मिळाली, असं दाखवतात. मालकी ठरते दिवाणी न्यायालयात. तिची बाजू भक्कम आहे, हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनुसार वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. काकाने बाग पुढे विकली असेल तर खरेदीखत रद्द करून घेण्याची ३ वर्षांची मुदत फसवणूक कळल्यापासून मोजतात. त्यामुळे ‘मला पहिल्यापासून सगळं माहीत होतं’ हा टाळ्यांचा संवाद तिच्या तोंडी अजिबात घालू नका. काकाचा वकील नेमका तोच पकडेल.

ती फेब्रुवारीत परतू दे. ऑक्टोबर छाटणीचा माल तेव्हा तोडणीला येतो, व्यापाऱ्याचे पैसे यायचे असतात, आणि मनाई हुकूम आला की काकाची पुरती कोंडी होते. जूनमध्ये आणलीत तर वेलींवर विकायला घडच नसतात.