वाचक विचारतात: कोचीत दोन दिवस, काय बघू?

प्रश्न: डिसेंबरात आईबाबांना घेऊन कोचीला चाललोय, हातात दोनच दिवस आहेत. फोर्ट कोची पुरे की आसपासची गावंही करू? बाबांचे गुडघे दुखतात.

उत्तर: एक दिवस फोर्ट कोची नि मट्टनचेरी, दुसरा गावाकडे, बास. पण वार बघून जा हं, मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद नि ज्यूंचं १५६८चं सिनेगॉग शनिवारी बंद, म्हणजे शुक्र-शनि गेलात तर अर्धी ट्रिप दारं बघण्यात जायची! एर्नाकुलमहून, म्हणजे शहराच्या मुख्य भागातून, फोर्ट कोचीला टॅक्सी कशाला, बोटीनेच जा, स्वस्त पडतं आणि बाबांना बसायलाही मिळतं. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४मध्ये पुरलं होतं, नंतर अवशेष पोर्तुगालला नेले, आता नुसती शिळा आहे. मला विचाराल तर त्यापेक्षा चिनी जाळी बघा, दोरांना ओळीने मोठाले दगड लटकवलेले असतात, चारपाच जण हेइय्या करत ओढतात, दगड खाली येतात तसं जाळं पाण्यातून वर येतं, आणि एवढ्या खटाटोपानंतर कधीकधी मूठभरच मासळी.

चेरलाई भागात कान उघडे ठेवा, कोकणी ऐकू येईल, पोर्तुगीज काळात गोव्यातून गेलेल्यांचे वंशज तिथे राहतात.

दुसऱ्या दिवशी कुंबळंगी गाव. पावसाळ्यात खाऱ्या जमिनीत पोक्काळी भात, तो कापला की त्याच शेतात कोळंबी, त्यामुळे डिसेंबरात शेतात पाणीच दिसेल. रस्ता सपाट आहे, बाबांना जमेल. करिमीन मासा खाऊनच या.